कयाकमधून पक्ष्यांचे फोटो काढताय? कुठे थांबायचं, हे आधी समजून घ्या

हिवाळ्यात भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो म्हणजेच रोहित पक्षी उतरतात. त्यांच्या मागोमाग कॅमेरेही येतात. इंजिनाच्या बोटीपेक्षा कयाक शांत असते. पण आवाज नाही म्हणजे त्रास नाही, असं नसतं.

फोटो चांगला का येतो?
कयाकमध्ये कॅमेरा पाण्यापासून जेमतेम दोन-तीन फुटांवर असतो. पक्षी नजरेच्या रेषेत येतो आणि मागचा काठ धूसर होतो.

सेटिंग काय ठेवायचं?
कयाक डुलत राहते, त्यामुळे ट्रायपॉडचा उपयोग नाही. शटर स्पीड किमान १/१०००, उडत्या पक्ष्यासाठी १/२००० ठेवा. सकाळी वारा कमी असतो. लाइफ जॅकेट हवंच.

अडचण कुठे होते?
वल्हं थांबवलं तरी कयाक पुढे सरकत राहते. थवा बिचकतो. रोहित पाण्यावर धावत जाऊन मग उडतो. चोच उलटी बुडवून, पाणी गाळून मिळवलेली ऊर्जा त्यात खर्च होते.

मग काय करायचं?
थव्याकडे सरळ जाऊ नका, तिरके जा. खाणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथूनच मागे फिरा. थवा उडाल्याचा फोटो मिळाला, तर आपण जास्त जवळ गेलो होतो, इतकाच त्याचा अर्थ.