28 सामने आणि एक राजा

गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. समजा, धान घरात आलंय, गावोगावच्या मंडई आटोपल्यात आणि या आठ तालुक्यांतल्या हौशी पोरांनी एक साखळी स्पर्धा भरवायचं ठरवलंय. खेळ कोणताही घ्या: कबड्डी, कॅरम, नाहीतर मोबाइलवरचा फुटबॉल. प्रत्येक संघ बाकीच्या सातांशी एकेकदा भिडणार, म्हणजे एकूण 28 सामने. एका रविवारी चार धरले, तर सात रविवारांत स्पर्धा पुरी.

आता जरा हिशेब करू. बरोबरी होऊच द्यायची नाही असं ठरवलं, तरी प्रत्येक सामन्याचे दोन निकाल संभवतात. मग 28 सामन्यांचे मिळून किती? 26 कोटी 84 लाख 35 हजार 456! ही छोटीशी स्पर्धा इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी संपू शकते. आणि पहिल्या सामन्याआधी वहीत लिहिलेल्या गुणांच्या दोन-चार ओळींनी यातल्या प्रत्येक शक्यतेत विजेता ठरवायचा असतो, तोही हरलेल्यांना पटेल असा. गुणतक्त्यावर केवढा भार असतो, ते इथे कळतं.

पहिली अडचण लगेच येते. तिरोड्याने आमगावला हरवलं, आमगावने देवरीला आणि देवरीने तिरोड्याला. या तिघांत सरस कोण? कोणालाही वर ठेवा, त्याला हरवणारा एक जण खाली राहतोच. कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने 1785 मध्ये मतदानात हीच गाठ दाखवली होती. पुढे 1951 मध्ये केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केलं, की पर्याय तीन किंवा जास्त असले, तर लोकांच्या पसंतीवरून क्रम लावणारी अशी एकही पद्धत नाही, जी न्यायाच्या काही साध्या अटी एकाच वेळी पाळेल. मतपेटी वेगळी आणि मैदान वेगळं. पण हे चक्र दोन्हीकडे पडतं.

मग जिंकलेले सामने मोजून विजेता ठरवणं हा निव्वळ नाइलाज समजायचा का? मुळीच नाही, आणि याचं कारण कोंबड्यांकडून मिळालं. खुराड्यातल्या प्रत्येक जोडीत कोण कोणाला टोचतं हे ठरलेलं असतं, असं नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे यांनी 1920 च्या दशकात नोंदवलं. प्राण्यांमधल्या अशा वर्चस्वाचं गणित मांडताना एच. जी. लँडाऊ यांना 1953 मध्ये एक अप्रतिम गोष्ट सापडली: सर्वांत जास्त जणांवर मात करणारा नेहमी ‘राजा’ असतो. राजा म्हणजे असा, ज्याने प्रत्येकाला एकतर स्वतः हरवलंय, नाहीतर त्याला हरवणाऱ्या कोणाला तरी हरवलंय.

याची सिद्धता चहाच्या टपरीवर समजावता येईल इतकी सोपी आहे. समजा, सालेकसाने सर्वाधिक म्हणजे पाच सामने जिंकले; पण देवरीकडून मात्र तो हरला. सालेकसाने हरवलेल्या पाचांपैकी एकानेही देवरीला हरवलं नसेल, तर देवरीने त्या पाचही जणांना हरवलेलं असणार. वर सालेकसालाही हरवलंय, म्हणजे देवरीचे विजय सहा झाले. पण सर्वाधिक विजय तर सालेकसाचे, पाच! तेव्हा हे शक्यच नाही. त्या पाचांपैकी कोणीतरी देवरीला नमवलेलं असणारच. 26 कोटींवर शक्यतांपैकी कोणतीही घ्या, हा नियम मोडत नाही. राजे मात्र एकाहून अधिक असू शकतात. 1980 मध्ये स्टीफन मॉरर यांनी दाखवलं, की राजा एक असेल, तीन असतील, आठही असतील. पण नेमके दोन राजे कधीच नसतात.

इथवर गुण फक्त निकाल मोजत होते. पण ते खेळाडूंना कसं खेळायचं हेही सांगत असतात. गावागावांत पोरं मोबाइलवर खेळतात त्या बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या बंदुकीच्या खेळाचंच बघा. चौघांचे 16 संघ एका नकाशावर उतरतात. त्याच्या मोठ्या स्पर्धांमध्ये पूर्वी पहिल्या क्रमांकाला 15, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 10 अशी उतरंड होती, शिवाय प्रत्येक किलला, म्हणजे प्रतिस्पर्धी खेळाडू टिपण्याला, 1 गुण. पुढे ती 10, 6, 5, 4, 3, 2, 1, 1 अशी झाली. किलचा गुण तोच राहिला. एका डावात साठेक किल होऊ शकतात. जुन्या पद्धतीत क्रमांकांच्या गुणांची बेरीजही साठच्या आसपास, म्हणजे टिकणं आणि लढणं यांचं वजन जवळपास सारखं. नव्या पद्धतीत ती बेरीज अवघी 32. बंदुका, नकाशा, खेळाडू सगळं तेच. पण झुडपात दडून दुसरा क्रमांक गाठण्याचं मोल 12 वरून 6 वर आलं.

घाईत लिहिलेला नियम काय करू शकतो, हे 27 जानेवारी 1994 ला कॅरिबियन चषकाच्या पात्रता सामन्यात दिसलं. जादा वेळेत सामना संपवणारा सुवर्णगोल तिथे दोन गोलांइतका धरला जाणार होता. बार्बाडोसला ग्रेनाडावर दोन गोलांच्या फरकाने विजय हवा होता. 2-1 अशी आघाडी असताना वेळ संपत आली, तेव्हा त्यांनी चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारून 2-2 केले, कारण आता जादा वेळ मिळणार होता. मग ग्रेनाडा कोणत्याही जाळ्यात गोल मारायला धावू लागला, कारण 3-2 ने हरूनही तो पुढे जात होता, आणि बार्बाडोस दोन्ही गोल राखू लागला! अखेर सुवर्णगोल झाला आणि बार्बाडोस 4-2 ने पुढे गेला. खेळाडूंनी नियम तोडला नाही. नियमानेच त्यांना तिथे नेलं होतं.

याउलट शहाणपणाचा नमुना प्रो कबड्डीत बरीच वर्षं होता: विजयाला 5 गुण, बरोबरीला प्रत्येकी 3 आणि सात किंवा कमी गुणांनी हरणाऱ्यालाही 1. आठ गुणांनी मागे पडलेला संघ शेवटच्या चढाईपर्यंत जीव तोडून खेळायचा, कारण तो एक गुण अजून हाताशी असायचा. हौशी स्पर्धेत तर याची फार गरज आहे. दोन-तीन पराभवांनंतर ‘आता कशाला जायचं’ म्हणत संघ येईनासे झाले, की उरलेल्या सामन्यांचा न्यायच बिघडतो.

म्हणून आपल्या आठ तालुक्यांसाठी हा झुंजीचा गुण ठेवावाच. पण विजयाचे गुण किती ठेवायचे? फुटबॉलसारखे 3 ठेवले, तर सर्वाधिक म्हणजे चार सामने जिंकून बाकीचे मोठ्या फरकाने हरणारा 12 वर राहतो आणि तीन जिंकून चार थोडक्यात हरणारा 13 वर जातो. लँडाऊचा राजा खाली घसरला! विजयाला 5 ठेवले, की तेच आकडे 20 आणि 19 होतात. आठ संघांच्या साखळीत सरासरी विजय साडेतीन, म्हणजे सर्वाधिक विजय मिळवणाऱ्याकडे किमान चार असतातच. आणि चारपासून वर कोणताही आकडा घ्या, कमी विजयांचा संघ त्याला कधीच गाठू शकत नाही. राजाची गादी शाबूत राहते, आणि हरणाऱ्याला झुंजायला कारणही उरतं.

दोघांचे गुण सारखे झालेच, तर आधी त्यांचा आपसातला सामना बघावा. तिघांचं चक्र पडलं, तर बुद्धिबळातल्या झोनेबॉर्न-बर्गर पद्धतीची वाट धरावी: ज्याने हरवलेल्या संघांच्या गुणांची बेरीज मोठी, तो वर. दुबळ्याला किती चिरडलं, यापेक्षा कोणाला नमवलं, हे त्यात मोजलं जातं.

परिपूर्ण पद्धत कोणालाच सापडणार नाही. पण आपल्याला कशाचं मोल वाटतं, हे संयोजकांनी पहिल्या सामन्याआधी सर्वांसमोर वाचून दाखवावं, आणि त्या आकड्यांचा एकदा असा हिशेबही करावा. संघ आठांचे बारा झाले, की 5 आणि 1 हे आकडेही पुन्हा तपासावे लागतील. त्याला एक कागद, एक पेन्सिल आणि एक संध्याकाळ पुरते. तेवढ्यात आठ तालुक्यांच्या पोरांना न्याय मिळतो.