खगोलशास्त्रज्ञाच्या लेखणीतून विज्ञानकथा

डॉ. जयंत विष्णू नारळीकर
जन्म : 19 जुलै 1938, कोल्हापूर
निधन : 20 मे 2025, पुणे

संशोधन : केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला. 1972मध्ये मायदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. 1988मध्ये पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक झाले.

पहिली कथा : 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आपल्या ख्यातीचा निकालावर परिणाम होऊ नये, हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

गाजलेली पुस्तके : ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या.

इतिहासालाही विज्ञानाची जोड : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पेशवेपुत्र विश्वासराव गोळीतून बचावतात आणि प्रत्यक्षात हरलेली 1761ची पानिपतची लढाई मराठे जिंकतात. शक्यतांच्या समांतर विश्वांची अवघड कल्पना मराठी वाचकाला आपल्याच जिव्हाळ्याच्या विषयातून उमगते.

सन्मान : पद्मभूषण (1965), पद्मविभूषण (2004), ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार (2014), नाशिकच्या 94व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद (2021). विज्ञानप्रसारासाठी 1996चा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार.

वारसा : विज्ञान मातृभाषेत, गोष्टीच्या ओघात सांगता येते आणि त्यासाठी काटेकोरपणा सोडावा लागत नाही, हे त्यांनी स्वतः लिहून सिद्ध केले.