सुरतेचा रुपया आणि चांदीच्या ३२ विहिरी

नाण्यांच्या प्रदर्शनात सुरतेच्या रुपयापाशी फारसं कुणी रेंगाळत नाही. औरंगजेबाच्या काळातला अस्सल चांदीचा रुपया, पण ‘कॉमन आहे’ म्हणून संग्राहक पुढे सरकतात. आपण मात्र थांबू. साडेतीनशे वर्षं वितळवून, हरवून, पुरूनही जे नाणं आज कॉमन आहे, ते मुळात पाडलं तरी किती असेल!

आधी तळहातावर घ्या. वजन साडेअकरा ग्रॅम, व्यास साधारण २२ मिलिमीटर, अंगाने जाडजूड. ठसा नाण्यापेक्षा मोठा, म्हणून फारसी अक्षरं कडेला तुटलेली. ‘सूरत’ हे नाव पूर्ण उमटलेलं मिळालं तर नशीबच. वर बारीक खुणा दिसतात, त्या चांदी पारखताना सराफांनी मारलेल्या.

आता असे एक कोटी रुपये डोळ्यांपुढे आणा. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्या लुटीचा अंदाज सुमारे एक कोटीचा सांगतात. त्यात सोनं होतं, मोतीही होते. पण हिशेबासाठी सगळे रुपयेच धरू. वजन भरतं ११५ टन! एका घोड्यावर शंभर किलो लादले तर साडेअकराशे घोडे. आणि नाण्याला नाणं लावत सुरतेहून रेल्वेरुळांच्या कडेने निघालात तर? वापी मागे पडेल, पालघर मागे पडेल, वसई येईपर्यंत नाणी संपणार नाहीत. ही एका शहराची, काही दिवसांची लूट!

तिकडे अमेरिकेतही असंच एक जुनं, भरपूर मिळणारं नाणं आहे: १९१३ ते १९३८ या काळातला पाच सेंटचा ‘बफेलो निकल’. एका बाजूला मूळ अमेरिकन माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला अमेरिकन बायसन. वजन पाच ग्रॅम, त्यात पाऊण हिस्सा तांबं आणि पाव हिस्सा निकल. पाडले किती? १२० कोटींहून जास्त! म्हणजे सहा हजार टन धातू, मालगाडीचे शंभर डबे. ओळीने मांडले तर पंचवीस हजार किलोमीटर. मुंबई-पुणे-मुंबई अशा ८० हून जास्त फेऱ्या झाल्या, तरी निकल उरतील.

पण खरी गंमत पुढेच आहे. सुरतेच्या रुपयातही अमेरिका आहे! दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि मेक्सिकोच्या खाणींबरोबर तिचा लोंढा जगभर सुटला. चांदीची स्पॅनिश नाणी, म्हणजे रियाल, युरोपातून, तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदरातून सुरतेच्या धक्क्यावर उतरत. बाजारात ते तसेच चालत नसत. टांकसाळीत जायचे, वितळायचे आणि रुपया होऊन बाहेर पडायचे.

१५०० ते १८०० या तीन शतकांत अमेरिका खंडांतून निघालेली चांदी अभ्यासक सुमारे दीड लाख टन धरतात. सगळी काही सुरतेला आली नाही, पण मोजून तर पाहू. वीस फूट रुंद, पन्नास फूट खोल अशी आपली गावातली विहीर घ्या. ती चांदी घट्ट ओतली तर विहिरी भरतील फक्त ३२. एवढंच? थांबा. तीच चांदी रेल्वेत भरा: ५८ डब्यांच्या त्रेचाळीस मालगाड्या! तिचे सुरती रुपये पाडा: तेराशे कोटी! ते एकापुढे एक मांडा: मुंबई-पुणे अंतर एकोणीसशे वेळा! रस्ता पुरणार नाही, पृथ्वीला सात वेढे घालूनही ओळ उरेल. मग ती सरळ आभाळात उभी करा. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटरच्याही वर जाईल, चंद्राच्या वाटेचा जवळजवळ पाऊण टप्पा गाठेल, आणि त्यातला एकेक रुपया साडेअकरा ग्रॅमचा!