मधल्या सुट्टीचा डबा

लहान मुलांच्या डब्यावर वार्षिकांकात लेख लिहावा एवढा हा विषय मोठा आहे का, असे माझ्या मैत्रिणींनी मला विचारले. प्रेमावरच्या कविता आणि परीक्षापद्धतीवरील टीका दरवर्षी छापून येते. डब्यावर मात्र कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शाळेत जाणारी भावंडे आहेत आणि प्राध्यापकवर्गाच्या घरी मुले आहेत. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आमचे घर सोलापूर जिल्ह्यातले, ज्वारीच्या मुलखातले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आणि तिथली खिचडी खाऊन वाढले. माझा सर्वांत धाकटा भाऊ मात्र तालुक्याच्या गावी एका खासगी इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. आपल्याला मिळाले नाही ते याला मिळावे म्हणून आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरली आणि त्याच हौसेने त्याच्या डब्यात भाकरीच्या जागी बिस्किटांचा पुडा आला. "चांगल्या घरची मुलं हेच खातात," असे आई म्हणते. भाकरी नेली की शेजारची मुले नाक मुरडतात, हेही खरेच.

आता जिला लोक हसतात त्या फुकटच्या खिचडीचा हिशेब पाहा. शालेय पोषण आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी पुष्कळ ठिकाणी मुलांना कोरडे धान्यच घरी दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० उष्मांक व २३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे प्रमाणाप्रमाणे शिजवली तर एका खिचडीत दिवसाची निम्मी प्रथिने येतात. तांदळाच्या प्रथिनात जो अंश कमी असतो तो डाळ भरून काढते. वरणभाताची जोडी आपल्या आज्यांनी उगाच जमवलेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले होते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी बंद झाला, याचे मला फार वाईट वाटते.

बिस्किटांचा पुडा एकदा मी आईला वाचून दाखवला, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच पहिली. पुड्यावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. पहिले नाव मैदा, दुसरे साखर, तिसरे पामतेल. दूध होते, पण पार शेवटाकडे. चित्रात मात्र दुधाचा पेला सर्वांत मोठा! आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग गव्हाचं पीठ काय वाईट?" २०२० च्या नियमांनी जास्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई केली आहे. परंतु घरून येणाऱ्या डब्याला कोण अडवणार?

भाकरीची अडचण वेगळी आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे सकाळी सातची भाकरी साडेदहाच्या सुट्टीत कडक होते. मोठा माणूस ती कालवणात चुरून खातो. सात वर्षांच्या मुलाने वीस मिनिटांत ती कशी चावावी? यावर आमच्याकडचे धपाटे हा उत्तम उपाय आहे. ज्वारीचे पीठ दोन वाट्या, बेसन व कणीक एकेक वाटी, बारीक चिरलेली मेथी, तीळ, लसूण, हळद, तिखट बेताने आणि मळायला थोडे दही. ओल्या फडक्यावर थापून तेल सोडून भाजावे. कणकेने ते तुटत नाही आणि तेला-दह्याने मऊ राहते. मात्र गरमागरम डब्यात कोंबून झाकण लावू नये. वाफेने चिकट होते आणि मूल ते परत आणते. चार तुकडे करून द्यावे, सोबत शेंगांची चटणी, जमल्यास पेरूची फोड. पेरूतल्या क जीवनसत्त्वाने मेथीतले लोह अंगी लागण्यास मदत होते. चहा नेमका उलट करतो, म्हणून शाळेत जाताना चहा-बिस्किट देणे मला पटत नाही.

मोड आलेली मटकी, चुरमुरे-शेंगदाण्यांची सुकी भेळ, उकडलेले अंडे, गूळ-शेंगदाण्याचा लाडू हेही चालते. बालवाडीतल्या मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावे.

राहता राहिला वाढदिवस. इंग्रजी शाळेत चॉकलेटे वाटण्याची रीतच पडली आहे, आणि चाळीस मुलांच्या वर्गात महिन्याला तीन-चार वाढदिवस तरी येतात. यंदा भावाच्या वाढदिवसाला आम्ही राजगिऱ्याच्या वड्या दिल्या. काही मुलांनी "हे काय?" म्हणून विचारले, पण डबा रिकामा परत आला. आईने दप्तरात चॉकलेटांचीही एक पिशवी गुपचूप ठेवली होती, "उगाच कुणी नावं ठेवायला नको" म्हणून. तीही रिकामीच आली.