सीएसटी रोडखाली गाडलेली रेल्वे आणि मिठीकाठची पायवाट

कुर्ला पश्चिमेला कोणालाही विचारा, सीएसटी रोड म्हणजे कुठला सीएसटी? बहुतेक जण छत्रपती शिवाजी टर्मिनसचंच नाव घेतील. पण हा रस्ता तर कालिन्याकडे जातो, त्या टर्मिनसच्या अगदी उलट दिशेला! खरं नाव आहे सेंट्रल साल्सेट ट्रामवे रोड. साल्सेट म्हणजे आपली साष्टी, आणि ट्रामवे म्हणजे इथून धावणारी एक छोटी रेल्वे. तिचं दुसरं नाव साल्सेट–ट्रॉम्बे रेल्वे.

१९२८ मध्ये ती सुरू झाली. मालकी मुंबई सरकारची, चालवायची जी.आय.पी. रेल्वे. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरी, सुमारे १३ किलोमीटर. म्हणजे मध्य आणि पश्चिम बाजूची उपनगरं जोडणारी आडवी रेल्वे मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच मिळाली होती. ती टिकली मात्र सहाच वर्षं. १९३४ मध्ये बंद झाली. पुढे त्या भागातली बरीच जमीन विमानतळाखाली गेली आणि कुर्ला–कालिना बाजूला उरला तो हा रस्ता. नंतर चेंबूरहून याच बाजूला यायला सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ता बांधावा लागला. तो पूर्ण होऊन खुला व्हायला २०१४ उजाडलं. रूळ काढायला वेळ लागत नाही, तीच वाट पुन्हा काढायला पिढ्या जातात.

परदेशात बंद पडलेल्या रेल्वेच्या जमिनीचं काय करतात बघा. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ अशी एक जुनी लाईन होती. १९७९ ते १९८६ या काळात लोकांनी, बऱ्याच ठिकाणी स्वतः फावडी घेऊन, तिच्यावर पक्की वाट केली. सुमारे २१ किलोमीटर, काही ठिकाणी एव्हन नदीच्या सोबतीने. चालणारे, सायकलवाले, व्हीलचेअरवाले, सगळे त्यावरून जातात. कारण साधं आहे. रेल्वेला चढ चालत नाही, त्यामुळे तिची वाट जवळपास सपाट असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला रस्ता कुठला?

आपल्या सीएसटी रोडलाही नदी आहेच. कापडिया नगरजवळ मिठी लागते. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन ती निघते, साकीनाका, विमानतळाच्या धावपट्टीखालून कुर्ला, मग बीकेसी आणि माहीमची खाडी. लांबी जेमतेम १८ किलोमीटर. पुलावर उभं राहिलं तर नाकाला रुमाल लावावा लागतो, हे सांगायला नकोच. रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्यांचे सुटे भाग, गॅरेजेस. आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी त्यावर चालते. पण फूटपाथवर बंपर आणि टायर रचलेले, आणि अम्मी-नानी गाड्यांच्या मधून वाट काढत चालताहेत, हेही खरं.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साथीदारांना रस्त्यावर बैठक मारू नका असं सांगितलं होतं. बसावंच लागत असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा, म्हणजे नजर खाली ठेवा, कोणाला त्रास देऊ नका, सलामला जवाब द्या, असंही सांगितलं. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही हदीस आहे. आमच्या मते फूटपाथवरचा माल हा याच हक्काचा प्रश्न आहे. महापालिकेची गाडी येईपर्यंत थांबायचं कशाला?

आता नदीकाठाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ल्याच्या ज्या घरांत तेव्हा पाणी शिरलं तिथे आजही ती तारीख वेगळी सांगावी लागत नाही. त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. पात्र रुंद करणं, खोल करणं, संरक्षक भिंत, काठाने सर्व्हिस रोड असा कार्यक्रम ठरला, आणि तो तुकड्या-तुकड्यांत होत आला. या सर्व्हिस रोडवर चालण्यासाठी वेगळी पट्टी, सावलीची झाडं, दिवे, बाकडी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह केलं, तर फजरनंतर डायबेटिसवाल्या अब्बांना आणि मगरिबआधी मुलींना चालायला जागा मिळेल. साधे पेव्हर ब्लॉक पावसात शेवाळून निसरडे होतात, एवढं मात्र कंत्राटदाराला आधीच सांगायला हवं.

पण अशा वाटेची एक किंमत असते आणि ती कोण देतो हे विचारायलाच हवं. मुलुंड ते शीव तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक करायची योजना महापालिकेने आणली. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता. घाटकोपर, विद्याविहारसारख्या भागांतली हजारो घरं पडली आणि कुटुंबांना माहुलला पाठवलं गेलं. शेजारी रिफायनऱ्या, हवा अशी की राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच तिथल्या प्रदूषणावर बोट ठेवलं होतं. लोकांनी लढा दिला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की माहुलला जबरदस्तीने पाठवू नका, दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं द्या. कागदावर ट्रॅक छान दिसत होता. ज्यांची मुलं शाळेपासून तुटली त्यांना तो कसा दिसला असेल?

म्हणून मिठीकाठी वाट हवी असं आम्ही म्हणतो, तेव्हा जवळच पुनर्वसन हेही त्याच वाक्यात म्हणतो. दोन्ही मागण्या एकाच अर्जात जाऊ शकतात. कुर्ला आणि साकीनाका एल वॉर्डात येतात, कालिना एच पूर्वमध्ये, अंधेरी पूर्व के पूर्वमध्ये. अर्ज मोहल्ल्याच्या किंवा मशीद कमिटीच्या लेटरहेडवर, मराठीत द्या आणि पोच घ्या.

काठावर राहणाऱ्यांनी कागद आजच जमवावेत. राज्यातल्या झोपडपट्टी कायद्यात १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीधारकांना मोफत घराचं संरक्षण आहे, त्यानंतर २०११ च्या सुरुवातीपर्यंतच्यांना सशुल्क. त्या काळातलं वीजबिल, मतदारयादीचं पान, फोटोपास, रेशनकार्ड, जे असेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर. खाली ठेवलेले कितीतरी कागद २००५ च्या पाण्यात गेले.