त्रिशुळाच्या पात्यावरचा ‘बी’

नाणं तळहातावर ठेवलं की आधी त्याचं वजन जाणवतं. जवळपास २७ ग्रॅम, त्यात ९० टक्के शुद्ध चांदी. म्हणजे त्या काळच्या रुपयाच्या दुपटीहून जड. मग ती दिसते: शिरस्त्राण घातलेली, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात ढाल, मागे समुद्र आणि दूरवर शिडाचं जहाज. ही ब्रिटानिया. दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवर तिने जिंकलेल्या प्रांताचं रूप घेतलं. १६७२मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या तांब्याच्या नाण्यांवर ती राष्ट्राची प्रतिमा होऊन परतली. तिथे बसलेली ती या चांदीच्या डॉलरवर मात्र उभी आहे. तिला हे रूप दिलं जॉर्ज विल्यम डी सोल्स या कोरक्याने.

हा ब्रिटिश व्यापारी डॉलर १८९५पासून पाडला जाऊ लागला. पूर्वेच्या बंदरांत तोवर मेक्सिकन डॉलरचा दबदबा होता आणि हाँगकाँगची टांकसाळ १८६८मध्येच बंद पडली होती. इकडे १८९३मध्ये सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं थांबवलं, त्यामुळे हिंदुस्थानातल्या टांकसाळींचे हात मोकळे होते. काही डॉलर कलकत्त्याला, काही लंडनला झाले. बहुसंख्य मात्र मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीत पडले. खूण म्हणून त्रिशुळाच्या मधल्या पात्यावर इवलासा ‘बी’ कोरलेला असे.

या नाण्यावर राणीचा किंवा राजाचा चेहरा नाही. मागच्या बाजूला दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह आहे, आणि ‘एक डॉलर’ हे चिनी व जावी मलाय लिप्यांत लिहिलंय. राणीची ओळख नसलेल्या बाजारात चांदीचा कसच बोलणार होता. चिनी व्यापाऱ्यांनी त्याला ‘उभ्या माणसाचा डॉलर’ असं नाव दिलं. नाणं पारखून ते त्यावर आपला छोटा ठसा मारत. असे ठसे सोसलेलं नाणं मला कोऱ्या नाण्याहून मोलाचं वाटतं. ते किती हातांतून गेलं, हे त्यावर लिहिलेलं असतं. पारखणाऱ्याला हाँगकाँगच्या इंग्रजीत ‘श्रॉफ’ म्हणत, म्हणजे आपला सराफच. वाहनतळावर पैसे भरायच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ अशी पाटी तिथे आजही दिसते.

१९३५नंतर हे डॉलर पाडणं थांबलं. १९२१ आणि १९३५ सालचे बहुतेक डॉलर वितळवले गेले, म्हणून ते आज दुर्मीळ आहेत. संग्राहक भिंग लावतो तो पात्यावरचा ‘बी’ शोधायला. साम्राज्याची ती देवता मुंबईच्या कारागिरांच्या हातून घडली, याची साक्ष तेवढं एकच अक्षर देतं.