‘टिपणे’ आणि ‘काढणे’ : मोठ्या फिल्मकडे पुन्हा वळलेले छायाचित्रण

छायाचित्रणाच्या क्रियेसाठी मराठीत दोन क्रियापदे विशेष रूढ आहेत. ‘फोटो काढणे’ हे एक व ‘क्षण टिपणे’ हे दुसरे. ‘काढणे’ हे क्रियापद चित्र, रांगोळी, अक्षर यांच्याबरोबर येते. हाताने व क्रमाक्रमाने आकार देण्याचा अर्थ त्यात आहे. ‘टिपणे’ हे पक्ष्याच्या दाण्याशी, टीपकागदाच्या शाईशी व नेमबाजाच्या लक्ष्याशी निगडित आहे. चपळाई व अचूकपणा हा त्याचा विशेष. नित्य व्यवहारात हा भेद पुसट झाला आहे. तथापि, उपजीविकेसाठी वेगवान डिजिटल कॅमेरा वापरणारे काही छायाचित्रकार स्वतःच्या आवडीच्या कामासाठी मोठ्या आकाराच्या सुट्या फिल्मकडे पुन्हा का वळतात, हे समजून घेण्यास तो उपयोगी पडतो.

‘पुन्हा’ म्हणण्याचे कारण असे की, छायाचित्रणाचा आरंभच मोठ्या आकाराने झाला. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय अभ्यासक तीत रस घेऊ लागले, तेव्हा काचेची प्लेट कागदावर ठेवून तिच्याच आकाराचा ठसा घेण्याची रीत होती. चित्र मोठे हवे असेल, तर प्लेट मोठी आणि म्हणून कॅमेराही मोठा, हे ओघानेच आले. 1925 साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने 24×36 मिलिमीटरची लहान चौकट लोकप्रिय केली व छायाचित्रकाराचा हात मोकळा झाला. तरीही स्टुडिओंतून लाकडी कॅमेरे दीर्घकाळ टिकले. केरळातील आलप्पुळा येथे 1940 च्या दशकात के. करुणाकरन यांनी सुरू केलेला ‘वागीश्वरी’ कॅमेरा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

4×5 इंचांच्या फिल्मचे क्षेत्रफळ लहान चौकटीच्या सुमारे 15 पट, तर 8×10 इंचांच्या फिल्मचे सुमारे 60 पट असते. मोठ्या ठशातही बारकावे टिकतात, ते यामुळे. परंतु या लाभाबरोबर काही बंधनेही येतात. लहान चौकटीला 50 मिलिमीटरचे भिंग जे काम देते, तेच 4×5 साठी 150 मिलिमीटरचे भिंग देते. भिंगाचे नाभ्यंतर वाढले की जवळचे व दूरचे एकाच वेळी सुस्पष्ट राखणे कठीण होते. म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते, प्रकाश कमी पडतो, प्रकाशनाचा काळ वाढतो आणि तिपाई अपरिहार्य होते. सारांश, येथील संथपणा ही केवळ हौस नसून साधनाच्या घडणीतूनच तो उद्भवतो.

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. मुळशी तालुक्यातील, मुळा नदीकाठचे महाळुंगे घ्यावे. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी या परिसरात क्रीडासंकुल उभे राहिले. 2021 साली हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. समजा, लग्नसमारंभांची व गृहप्रकल्पांच्या जाहिरातींची छायाचित्रे काढून निर्वाह करणाऱ्या एखाद्याने या गावाची बदलती सीमा नोंदवावयाचे ठरविले. समोर उरलेसुरले शेत, मागे उंच इमारत. साधा कॅमेरा वर उचलताच इमारतीच्या उभ्या कडा माथ्याकडे झुकतात. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाची चौकट व फिल्मची चौकट भात्याने जोडलेल्या, परंतु परस्परांपासून स्वतंत्र असतात. कॅमेरा सरळ ठेवून केवळ भिंग वर सरकविले, तर कडा समांतर राहतात. भिंग किंचित पुढे कलविले, तर पायाजवळच्या ढेकळापासून दूरच्या गच्चीपर्यंत जाणारे एक तिरके प्रतल सुस्पष्ट होते. हा नियम ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो.

हे सर्व त्याला काळ्या कापडाखाली, दुधी काचेवर उलट्या पडलेल्या प्रतिमेत पाहावे लागते. आकाश खाली व जमीन वर दिसू लागली की ओळखीच्या वस्तू क्षणभर आपली नावे टाकतात. उरतात ते आकार. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म बसतात. पाच होल्डर नेले, तर दिवसाची चित्रे दहा. त्या फिल्मही पूर्ण अंधारात, कोपऱ्यातील खाचा बोटाने चाचपून भराव्या लागतात. एवढी तयारी केल्यावर काय काढावयाचे नाही, हे आधी ठरविणे भाग पडते.

असे वळण घेतल्याची उदाहरणे जुनी आहेत. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने धावते जग टिपणारे जोएल मायरोविट्झ यांनी 1976 साली केप कॉड येथे 8×10 चा कॅमेरा उभा केला. लहान रोलाय कॅमेऱ्याने अमेरिकेची भ्रमंती नोंदविणारे स्टीफन शोर 1973 मध्ये 4×5 कडे व पुढे 8×10 कडे वळले. डिजिटल युगातही हा प्रवाह आटलेला नाही. इंग्लंडमधील ब्रायटन येथे 2014 साली सुरू झालेला इंट्रेपिड कॅमेऱ्याचा उद्योग त्याची साक्ष देतो.

यावरून मोठी फिल्म श्रेष्ठ व लहान कॅमेरा कनिष्ठ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अंतरपाट दूर होण्याचा क्षण दुधी काचेची वाट पाहत नाही. तो टिपावाच लागतो. उलट, नांगर थांबलेल्या शेताची कड टिपून भागत नाही. ती निरखून काढावी लागते, आणि तीही शेत आहे तोवरच. क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रण हाताशी असूनही अभ्यासक उच्चार पुन्हा पुन्हा ऐकून स्वतःच्या हाताने लिपिबद्ध करतो, कारण लिहिताना ऐकणे बदलते. मोठ्या फिल्मकडे वळणारा व्यावसायिक नेमके हेच करीत असतो : त्याच्यापाशी चित्रांचा तुटवडा नसतो, पाहण्यासाठी लागणारा अवधी तो परत मिळवीत असतो.